सालीत साखर किती? हडपसरच्या एका ज्यूस कारखान्याचं प्रकरण

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत मोसंबीचा ताजा रस बाटल्यांत भरून खराडी-हिंजवडीच्या ऑफिसांना पोचवणारा एक छोटा कारखाना आहे. नाव देत नाही. मालकीणबाईंनी त्याच अटीवर लिहायला परवानगी दिली. रोज सहाशे किलोच्या आसपास मोसंबी मार्केट यार्डातून येते, बहुतेक जालना-संभाजीनगर भागातली. रस निघाला की जवळपास निम्मं वजन मागे उरतं: साल, तिच्या आतला पांढरा थर, चोथा, बिया. म्हणजे दिवसाला तीनशे किलो ओला माल.

या मालाची विल्हेवाट हे आधी निव्वळ डोकेदुखीचं काम होतं. रोज शंभर किलोहून जास्त कचरा करणाऱ्याला २०१६ च्या घनकचरा नियमांनी मोठा कचरा उत्पादक ठरवलं आणि ओला कचरा शक्यतो जागेवरच जिरवायला सांगितलं. हडपसर पट्ट्यात तर कचऱ्याचा विषय निघाला की लोकांचा आवाज चढतो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं शेजारच्या उरुळी देवाची-फुरसुंगीत पडला आणि तिथल्या गावांनी तो भोगला. मांजरीचा एक गोठेवाला काही साली न्यायचा. जनावरं आवडीनं खातात, पण रोज तीनशे किलो कोण खाणार? मग बायोगॅसवाल्याकडे पाठवून पाहिल्या. आठवड्याभरात त्याचा फोन आला, ‘ताई, गॅस बसला.’ यात नवल नव्हतं. मोसंबीच्या सालीतलं तेल मुख्यतः लिमोनीन असतं, आणि ते गॅस बनवणाऱ्या जिवाणूंना मानवत नाही. साली थोड्या असतील तर खपून जातं, रोजचा रतीब झाला की टाकी रुसते.

मार्केटिंग बघणाऱ्या पुतण्याच्या डोक्यात प्रीबायोटिकची, म्हणजे आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंच्या खाद्याची, कल्पना आली ती या पार्श्वभूमीवर. ‘काकू, लोक बाहेरून इन्युलिन, म्हणजे चिकोरीच्या मुळातलं फायबर, आणून डब्यात भरून विकतात आणि आपण फायबर फेकतोय.’ त्यानं साली उन्हात वाळवल्या, दळून आणल्या आणि एका खासगी प्रयोगशाळेत तपासायला दिल्या. अहवालात शेवटी वाक्य होतं: ‘नमुन्यात प्रीबायोटिक गुणधर्म आढळले.’ पाकिटाचं डिझाइनही तयार झालं. माझ्याकडे ते दोघं आले ते फक्त उत्पादन कसं वाढवायचं हे विचारायला.

अहवालात काय होतं, काय नव्हतं

प्रयोग साधा होता. लॅक्टोबॅसिलस जातीचा एक वाण घेतला, त्याच्या नेहमीच्या खाद्यातला ग्लुकोज काढला आणि त्या जागी सालीची भुकटी दोन टक्के घातली. चोवीस तासांनी जिवाणू भरघोस वाढले. पीएच उतरला. निष्कर्ष लिहून मोकळे.

मला शंका होतीच, पण ती मी काढण्याआधी चक्कीवाल्यानं काढली. कारखान्याच्या मागे भाड्यानं घेतलेला पल्व्हरायझर होता आणि तो चालवणारे एक मामा. अर्ध्या तासात मशीनची जाळी बंद पडायची. मामांनी जाळी काढून माझ्यासमोर धरली. भोकांत तपकिरी, चकचकीत लगदा बसला होता. नखानं खरवडला तर तार सुटली. ‘साहेब, हे पीठ नाही, काकवी आहे ही,’ मामा म्हणाले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी निरीक्षण हेच.

त्याच संध्याकाळी दहा ग्रॅम भुकटी नव्वद मिली पाण्यात भिजवली, गाळली आणि रस मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब ठेवला. ब्रिक्स, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या भागाची टक्केवारी, साडेतीनच्या घरात. म्हणजे भुकटीचा साधारण तिसरा हिस्सा पाण्यात विरघळणारा होता, आणि मोसंबीच्या बाबतीत असा विरघळणारा भाग म्हणजे मुख्यतः ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि साखर. आता अहवालाकडे परत या. दोन टक्के भुकटी म्हणजे अर्धा ते पाऊण टक्का साखरच जिवाणूंच्या ताटात पडली. ती खाऊन लॅक्टोबॅसिलस वाढला नसता तरच आश्चर्य. चहाच्या डब्यातली साखर घालूनही हाच अहवाल आला असता!

ही साखर पोटात गेली तर लहान आतड्यातच शोषली जाते, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंपर्यंत पोचतच नाही. प्रीबायोटिकचा सगळा खेळ मोठ्या आतड्यात चालतो. गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड या दोघांनी १९९५ मध्ये ही कल्पना मांडली, आणि आयसॅप या आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक संघटनेनं २०१७ मध्ये व्याख्या नव्यानं बांधली. तिचा अर्थ असा की आपल्या शरीरातल्या सूक्ष्मजीवांनी तो पदार्थ निवडकपणे वापरला पाहिजे आणि त्यातून आरोग्याला फायदा झाला पाहिजे. ‘निवडकपणे’ या अटीवर बहुतेक घरगुती प्रयोग आपटतात. एकटा लॅक्टोबॅसिलस परीक्षानळीत वाढला यावरून तो शंभर जातींच्या गर्दीत जिंकेल असं कुणी म्हणू नये. त्या अहवालात इन्युलिनशी तुलना नव्हती, नको असलेल्या जिवाणूंची चाचणी नव्हती, पचनाची नक्कलही नव्हती.

पुतण्या जरा हिरमुसला. मालकीणबाईंनी मात्र लगेच व्यवहाराचा प्रश्न टाकला: ‘साखर धुऊन टाकली तर मागे काय राहतं?’

पेक्टिनचं गणित

मागे राहतं ते मोलाचं आहे. लिंबूवर्गीय फळांच्या वाळक्या सालीत पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा तंतू, २० ते ३० टक्के असतं. सफरचंदाच्या चोथ्यात १० ते १५. जगात जॅममध्ये पडणारं पेक्टिन बहुतेक या दोन गोष्टींतूनच येतं. बाकी सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज. पेक्टिन माणसाला पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं आणि त्यातून अॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही लहान मेदाम्लं तयार होतात; पेक्टिनच्या बाबतीत अॅसिटेट सर्वांत जास्त. इथपर्यंत चित्र चांगलं आहे.

अडचण अशी की पेक्टिनची लांब साखळी तोडण्याची हत्यारं प्रामुख्यानं बॅक्टेरॉइड्स गटाकडे असतात. ज्यांच्या नावावर प्रीबायोटिक खपतं त्या बिफिडोबॅक्टेरियांना अख्खं पेक्टिन सहसा झेपत नाही. दुसऱ्यानं तोडलेले तुकडे ते उचलतात. म्हणून शास्त्रज्ञ पेक्टिन आधीच एन्झाइमनं तोडून त्याचे छोटे तुकडे, म्हणजे पेक्टिक ऑलिगोसॅकराइड, वापरून पाहतात. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत हे तुकडे अख्ख्या पेक्टिनपेक्षा बिफिडोला जास्त रुचलेले दिसतात. पुतण्याला नेमकं हेच हवं होतं.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. तीनशे किलो ओली साल, ८० टक्के पाणी. घन भाग साठ किलो. त्यात पेक्टिन १२ ते १८ किलो, हातात येणारं दहाच्या आसपास धरा. ते काढायला सालीच्या घन भागाच्या वीस-तीस पट आम्लपाणी लागतं, पीएच दोनच्या आसपास, ८०-९० अंशांवर तासभर. म्हणजे रोज दीड हजार लिटर गरम आम्लपाणी. त्यातून पेक्टिन खाली बसवायला तेवढंच किंवा त्याहून जास्त अल्कोहोल, आणि ते परत मिळवायला ऊर्ध्वपातनाचा मनोरा. इथेनॉल घ्यायचं तर उत्पादन शुल्क खात्याचा परवाना, आयसोप्रोपिल घ्यायचं तर आगीचा बंदोबस्त. शेड अडीच हजार चौरस फुटांची, वरच्या मजल्यावर दुसऱ्याचं पॅकिंग युनिट.

ऑलिगोसॅकराइडला अल्कोहोल टाळता येतं, पण तिथे दुसरा पेच आहे. बाजारात मिळणारं स्वस्त पेक्टिनेज म्हणजे रस नितळ करायला वापरतात तेच. ते अनेक एन्झाइमांचं मिश्रण असतं, आणि साखळी कुठे तोडायची आणि कुठे थांबायचं हे त्याच्या गावी नसतं. जरा वेळ जास्त झाला की तुकड्यांचाही भुगा होऊन नुसतं गॅलॅक्ट्युरॉनिक आम्ल, म्हणजे पेक्टिनच्या साखळीची सुटी कडी, उरतं, जे आम्हाला नको. ठरावीक लांबीचे तुकडे हवेत तर शुद्ध एंडो-पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज हे एकच एन्झाइम, वेळेवर उष्णता देऊन ते बंद पाडणं, मग नॅनोफिल्टरची पडदागाळणी, शेवटी स्प्रे ड्रायर. दिवसाला पाच-सात किलो मालासाठी एवढा पसारा कुणी मांडत नाही. मी सरळ सांगितलं: हे करायचं असेल तर शहरातल्या वीस रसवाल्यांचा माल एकत्र आणा, नाहीतर नाद सोडा. गाड्यांवरचा माल आणायचा तर त्यात स्ट्रॉ, बर्फाचं पाणी आणि आदल्या दिवशीच्या साली असतात, हेही सांगितलं.

अकरा ते चार

मग राहिला साधा रस्ता: साखर धुऊन काढलेला, वाळवलेला आहारतंतू. ऐकायला सोपं आहे. करायला गेल्यावर कळलं की खरी लढाई घड्याळाशी आहे.

रस काढायचं काम सकाळी अकराला संपायचं. तेव्हा ढिगाला छान फुलासारखा वास येतो. चारपर्यंत तो आंबट होतो, चिलटं जमतात, आणि ढिगात हात घातला तर आत कोमट लागतं. यीस्ट आणि बुरशी कामाला लागलेली असतात. सालीचं स्वतःचं पेक्टिन एस्टरेज हे एन्झाइमही पेक्टिनचे मिथाइल गट काढत सुटतं. पुतण्या साली दुपारी उन्हात पसरायचा, म्हणजे सगळं बिघडल्यावर. पहिल्या भुकटीला जो ‘नैसर्गिक आंबूस स्वाद’ होता त्याचं रहस्य हे.

आता पद्धत अशी आहे. मोसंबी फोडायच्या आधीच ब्रशच्या मशीनवर धुतात. बागेत ताम्रयुक्त बुरशीनाशकं मारलेली असतात, बाजारात कधी मेणाचा हात फिरलेला असतो. साल वाळली की शंभर किलोचे बावीस किलो होतात, म्हणजे वर जे काही बसलंय तेही साडेचार पटीनं घट्ट होतं. रस पिणाऱ्याला न लागणारी गोष्ट साल खाणाऱ्याला लागते, हे ज्यूसवाल्यांच्या लक्षात चटकन येत नाही. धुतल्यावर रस निघतो, साल अर्ध्या इंचाहून लहान कापतात आणि अकराच्या आत गरम पाण्यात, ८५-९० अंशांवर काही मिनिटं बुडवतात. एन्झाइम मरतं, तेलही बरंचसं उडतं. त्या वेळी शेडमध्ये उभं राहिलं तर डोळे चुरचुरतात. मग गार पाण्याच्या दोन धुण्या. इथे कारखान्याच्या बोअरचं जड पाणी चक्क उपयोगी पडलं. त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला धरून ठेवतं, त्यामुळे साखर जाते आणि पेक्टिन कमी वाहतं. मालकीणबाई आरओ बसवायला निघाल्या होत्या, त्यांना या कामापुरतं थांबवलं.

धुतलेली साल स्पंजासारखी पाणी पिते. तशीच ड्रायरमध्ये टाकली तर साधारण २२० लिटर पाणी उडवावं लागतं. आधी स्क्रू प्रेसमधून दाबून काढली तर ९० लिटर. एक लिटर पाण्याची वाफ करायला किमान ०.६३ युनिट उष्णता लागते आणि छोटा ट्रे ड्रायर त्याच्या दुप्पट तरी खातो. वीजबिलाच्या हिशेबात प्रेस हे या सगळ्या साखळीतलं सर्वांत शहाणं मशीन ठरलं. पशुखाद्यवाले दाबण्याआधी चुना घालतात, त्यानं पाणी आणखी सहज सुटतं, पण पेक्टिनचा स्वभाव बदलतो; आम्ही तो टाळला. ड्रायर ६० अंशांवर. तुकडा कट्‌कन मोडला की काढायचा. रंग फिकट पिवळा राहतो. मामांची जाळी आता बंद पडत नाही, आणि धुतलेल्या भुकटीचा ब्रिक्स अर्ध्याच्या खाली आहे.

एक गोष्ट मात्र माझ्या मनाला लागून आहे. धुण्याचं गोड पाणी आणि प्रेसचं पाणी सांडपाण्याच्या टाकीत जातं आणि तिथला भार वाढतो. घन कचरा कमी केला आणि त्यातला काही पातळ करून पुढे ढकलला, असं कुणी म्हटलं तर ते खोटं नाही. ते पाणी आटवून पशुखाद्यात घालायचं बोलणं त्याच गोठेवाल्याशी चालू आहे, पण आटवायला पुन्हा उष्णता लागते.

दुसरी चाचणी

साखर धुतलेल्या भुकटीची चाचणी या वेळी नीट करून घेतली. आधी तोंड, जठर आणि लहान आतड्याची नक्कल, इन्फोजेस्ट या ठरलेल्या पद्धतीनं. मग उरलेला भाग निरोगी माणसांच्या विष्ठेतल्या जिवाणूंबरोबर, प्राणवायू नसलेल्या बाटल्यांत, ३७ अंशांवर. शेजारी तुलनेला एक बाटली फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड या मान्य प्रीबायोटिकची आणि एक कोरी. दात्यांनी मागच्या तीन महिन्यांत प्रतिजैविकं घेतलेली नकोत. पुण्यात असे दाते गाठणं हेच अर्धं काम होतं.

निकाल ना नाचण्यासारखा ना रडण्यासारखा. साल आंबली. मेदाम्लं झाली, मुख्यतः अॅसिटेट. पीएच फ्रुक्टो-ऑलिगोपेक्षा सावकाश उतरला आणि गॅसही सावकाश झाला, जे पोट फुगणाऱ्यांच्या दृष्टीनं बरंच आहे. बॅक्टेरॉइड्स वाढले. बिफिडो एका दात्यात वाढले, दुसऱ्यात जागचे हलले नाहीत. प्रयोगशाळेतल्या मॅडमनी निष्कर्षात लिहिलं: आंबणारा आहारतंतू. बस. मला त्यांचा हा कंजूषपणा फार आवडला.

पुतण्यानं एकदा शेवटचा प्रयत्न करून पाहिला. ‘सर, बिफिडोवाला दाता तेवढा दाखवू या ना.’ मालकीणबाईंनीच त्याला गप्प केलं.

कायद्याची बाजूही त्याच दिशेनं होती. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या न्यूट्रास्युटिकल (आरोग्यपूरक पदार्थांच्या) नियमांत प्रीबायोटिक संयुगांची यादी आहे: इन्युलिन, फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड, गॅलॅक्टो, झायलो, आयसोमाल्टो आणि असे. मोसंबीची साल त्यात नाही. पेक्टिनला अन्नात परवानगी आहे ती घट्टपणा आणणारं द्रव्य म्हणून, आयएनएस ४४०. युरोपात पेक्टिनचे जे आरोग्यदावे मान्य झाले तेही वेगळेच: कोलेस्टेरॉलसाठी दिवसाला ६ ग्रॅम, जेवणानंतरच्या साखरेसाठी जेवणात १० ग्रॅम. पोट साफ राहण्याचा दावा मिळाला तो चिकोरीच्या इन्युलिनला, दिवसाला १२ ग्रॅमवर. हे आकडे ऐकल्यावर रसाच्या बाटलीत चिमूटभर भुकटी टाकून पुढे ‘गट हेल्थ’ छापायचा बेत आपोआप मागे पडला. आहारतंतूचा दावा मात्र सरळ आहे: शंभर ग्रॅममध्ये ३ ग्रॅम असेल तर ‘स्रोत’ म्हणता येतं, ६ असेल तर ‘भरपूर’.

सध्या कुठे आहे

रोज चाळीस किलोच्या आसपास भुकटी निघते. निम्मी एक बेकरी घेते. पिठात दोन-तीन टक्के घातली की पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो, कारण हा तंतू पाणी धरून ठेवतो. त्याहून जास्त घातली की घास गिळल्यावर मागे कडवटपणा रेंगाळतो. बेकरीवाल्याला जिवाणूंशी काही देणंघेणं नाही, त्याला परत येणारे शिळे पाव कमी झालेले दिसले. पावसाळ्यात भुकटीचे गठ्ठे होतात म्हणून आतून पॉलिथिनची दुहेरी पिशवी आली.

उरलेल्या निम्म्यासाठी एका न्यूट्रास्युटिकल कंपनीशी बोलणी चालू आहेत. त्यांची यादी लांब आहे: गॅलॅक्ट्युरॉनिक आम्ल, शिसं-आर्सेनिक, कीडनाशकांचे अवशेष, यीस्ट-बुरशीची मोजणी, दर लॉटला. तपासणीचा खर्च लॉट चाळीस किलोचा असो वा टनाचा, तेवढाच येतो. त्यामुळे आता महिन्याचा माल साठवून, मिसळून एकच लॉट करतात. आंबे बहाराची आणि मृग बहाराची साल एकसारखी निघत नाही, हेही या मिसळण्यात थोडं झाकलं जातं.

कंपनीला माणसांवरच्या चाचणीत रस आहे. त्यासाठी नीतिसमितीची परवानगी आणि सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी लागेल, आणि त्यांनी आधी वर्षभराच्या एकसारख्या पुरवठ्याची हमी मागितली आहे. जुन्या डिझाइनची छापून आलेली पाकिटं पुतण्यानं बेकरीच्या मालाला आतल्या पिशव्या म्हणून उलटी करून वापरली. नव्या पाकिटावर ‘मोसंबीचा आहारतंतू’ एवढंच आहे, आणि खाली धुतल्याची तारीख.